वजनाच्या पोटातलं कुंकू

आमचे घरमालक दूध आणलं की आधी त्याचं वजन करायचे. इकडे दूध पिशव्यांतून मिळतं, एका मोठ्या पिशवीत तीन लहान. तिन्हींचं वेगवेगळं वजन, मग फ्रिजवरच्या कागदावर तीन आकडे. एखादी पिशवी कमी भरली तर ते दुकानात परत जायचे नाहीत. तिच्यावर पेनानं छोटी फुली मारायचे आणि ती संपेपर्यंत तिच्यावर डोळा ठेवायचे, जशी काही ती अजूनही काहीतरी लपवून बसलीय.

घरात थर्मामीटर तीन होते. "एकच असला तर तो खोटं बोलतो," ते म्हणायचे. "दोन असले तर भांडतात. तिसरा साक्षीला लागतो." घड्याळंही तीन होती, स्वयंपाकघरात एका ओळीत. बर्फ पडला की दारापुढचा ड्राइव्हवे साफ करायचं काम माझं. पण आधी स्टीलची पट्टी रोवून तीन ठिकाणी बर्फ मोजायचा, रेडिओवाल्यानं सांगितलेल्या आकड्याशी ताडून बघायचं, आणि मगच फावडं मारायचं. रेडिओवाला बहुतेक वेळा चुकलेला निघायचा. त्या दिवशी काका खुशीत असायचे.

मी त्यांना काका म्हणायचो. ते मला आठवी म्हणायचे. त्याची गोष्ट पहिल्याच दिवसाची आहे.

माझी बायको नर्स. ती इथे कॅनडात, केंब्रिजजवळच्या कॉलेजात दोन वर्षांच्या कोर्सला आली आणि तिच्या पाठोपाठ मी आलो, तिचा नवरा म्हणून मिळालेल्या वर्क परमिटवर. म्हणजे सगळं तिच्या जिवावर. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बारा वर्षं लोखंड कातत लेथवर काढलेला माणूस, इथे गोदामात खोकी चिकटवत होतो. कुणीतरी सांगितलं, एक म्हातारे मराठी गृहस्थ आहेत, एकटेच असतात, बेसमेंट भाड्यानं देतील; पण विचित्र आहेत. आम्ही गेलो. त्यांनी बायकोला बसायला खुर्ची दिली आणि मला उभं ठेवलं.

"शिक्षण?"

"आठवी."

"पास?"

"पास. नववीला गेलो नाही."

ते चष्म्यावरून बघत राहिले. "लोक शिक्षण वाढवून सांगतात. कमी सांगणारा मी अजून पाहिला नाही. काय लपवतोस?"

"काही नाही काका."

"हात दाखव."

मी तळवे पुढे केले. त्यांनी ते दिव्याखाली धरले, उलटेसुलटे केले, मनगटाजवळचा एक जुना काळा डाग अंगठ्यानं दाबून पाहिला. "लोखंडाची गरम चिप बसलीय. लेथ?"

"होय. बारा वर्षं."

"गॉगल घालत नव्हतास."

"तिकडं कोण घालतंय काका."

"दोन दिवस विचार करतो," ते म्हणाले. बरोबर दोन दिवसांनी, त्याच वेळेला, फोन आला. "कोण, आठवी का? या सामान घेऊन."

पुढे कळलं ते असं. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पुण्यात एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवतात तिथे, उस्तादाच्या हाताखाली तयार झालेले, आणि चाळीसएक वर्षांपूर्वी इकडे आलेले. इथेही जन्मभर टूलरूमच. आता रिटायर. बायको गेलेली. मुलगी रिचमंड हिल नावाच्या शहरात, ती रविवारी फोन करायची आणि ते फोनवर तिलाही म्हणायचे, "आवाज वेगळा येतोय तुझा. खरंच बरी आहेस?"

बेसमेंटमध्ये आमची एक खोली, एक वॉशरूम, आणि शेजारी एक कुलूपबंद खोली. तिला दोन कुलपं होती. पहिल्या आठवड्यातच तिथून आवाज यायला लागला. खट्ट... कट्ट. खट्ट... कट्ट. मोजून पन्नास वेळा, मग बराच वेळ शांत. मग परत पन्नास. आत काही दाबाचं यंत्र आहे एवढं मला कळत होतं. एकदा दार फटीएवढं उघडं असताना आत पिवळं चमकताना दिसलं, ओळीनं मांडलेलं पितळ.

"नाणी पाडतोय म्हातारा," मी बायकोला म्हणालो.

"कॅनडात खोटी नाणी? कशाला?"

"मग पन्नास-पन्नास मोजून काय दाबतोय?"

पुढच्या शनिवारी ते गॅरेजात शेगडीवर शिसं वितळवताना दिसले. टायरच्या दुकानातून आणलेली शिशाची वजनं, चाकांना लावतात ती, बादलीभर. बर्फासाठीचे विंटर टायर बदलायच्या दिवसांत ती ढिगानं निघतात. काका तोंडावर फडकं बांधून, एप्रन घालून, पळीनं वरची राख काढत होते. मी रात्रभर जागा. पोलीस आले तर पहिले कोण जाणार? वरचा म्हातारा नागरिक. खालचे आम्ही परमिटवाले. बायको म्हणाली, दुसरं घर बघू. दुसरं घर एवढ्यात कुठलं मिळणार होतं?

शेवटी एका दुपारी त्यांनी मला दाराला कान लावून उभा असताना पकडलं. दार आतून एकदम उघडलं.

"काय ऐकतोस?"

काय सांगणार? जे खरोखर ऐकत होतो तेच तोंडातून निघालं. "काका, प्रेसच्या पिनीत ढिलाई आलीय. दांडा खाली जाताना एक आवाज आणि वर येताना एक. दोन आवाज यायला नकोत."

त्यांनी मला आपादमस्तक बघितलं. मग आत गेले, दांडा एकदा खाली-वर केला, कान देऊन ऐकला. "किती दिवसांपासून ऐकू येतंय?"

"आलो तेव्हापासून."

"आणि आता सांगतोस?" ते म्हणाले. "ये आत. कशाला हात लावू नको."

नाणी नव्हती ती. काडतुसं होती. काका रविवारी क्लबात नेम मारायला जायचे. त्यांच्याकडे लायसन्स होतं आणि एक जुनं, जाडजूड निशाणेबाजीचं रिव्हॉल्व्हर होतं. ते तिजोरीत, तिजोरीला कुलूप, आतल्या बंदुकीच्या घोड्याला वेगळं कुलूप. आणि त्या रिव्हॉल्व्हरसाठी लागणारी काडतुसं ते दुकानातून घ्यायचे नाहीत, स्वतः भरायचे. "दुकानातलं काडतूस कुणी भरलं माहीत आहे? त्या दिवशी त्याचं बायकोशी भांडण झालं होतं का, माहीत आहे?"

बायको हे ऐकून पांढरी पडली. "घरात बंदूक?" त्यावर ते वर जाऊन आपलं लायसन्स घेऊन आले आणि तिच्या हातात दिलं. तिनं पाहून परत केलं. काकांचा चेहरा उतरला. "एवढ्यात झालं बघून? मागची बाजू?"

प्रेसची पिन मी बदलली, तिला पितळेचं बुश, म्हणजे आत बसणारी नळी, करून बसवलं. तेव्हापासून मला त्या खोलीत बसायची परवानगी मिळाली. दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर, हात मांडीवर ठेवून. तराजूच्या टेबलाजवळ जायचं नाही.

मी कामं खूप बघितलीत, पण असं काम नाही. वापरून रिकामी झालेली पितळी पुंगळी घ्यायची, साफ करायची, प्रेसवर दाबून मापात आणायची. बुडात ठिणगी देणारी टिकलीएवढी टोपी बसवायची. मग बंदुकीची दारू, तराजूवर मोजून, प्रत्येक पुंगळीसाठी वेगळी. मग वर शिशाची गोळी बसवायची. लाकडाच्या ठोकळ्याला पन्नास भोकं, त्यांत पन्नास पुंगळ्या उभ्या. दारू भरून झाली की ते टॉर्च घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकावायचे. एका पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर बाहेरून काही कळत नाही; नंतर हातात रिव्हॉल्व्हर फुटतं. म्हणून तीन वेळा बघायचे. मग मला बोलावायचे, "आठवी, तुझा डोळा लाव." मध्येच दाराची बेल वाजली तर पन्नासच्या पन्नास पुंगळ्या डब्यात ओतून परत पहिल्यापासून. फोन त्या खोलीत न्यायचाच नाही असा नियम होता.

"एवढा संशय?" मी एकदा म्हणालो.

"विश्वास म्हणजे न मोजलेलं माप," ते म्हणाले. "टूलरूममध्ये चालतं का तुझ्या?"

त्यांचा दारूच्या डब्यावर संशय, शिशावर संशय, तराजूवर तर फारच. रोज काम सुरू करायच्या आधी तराजूची परीक्षा. आणि ती परीक्षा घ्यायला एक पितळी वजन, वाटाण्याएवढं. ते त्यांनी एकोणिसाव्या वर्षी पुण्यात स्वतः बनवलेलं. खालून बारीक पोकळी पाडून, खरवडून-खरवडून उस्तादानं सांगितलेल्या मापावर आणलेलं. उस्तादानं ते मोठ्या तराजूवर तपासून "पास" म्हटलेलं. ते चिमट्यानं उचलून तराजूत ठेवायचं आणि काटा जुळेपर्यंत तराजूचा पाय फिरवायचा. "रिकामा तराजू शून्य दाखवतो त्यात काय अक्कल? भरल्यावर खरं बोलतो का ते बघायचं."

"आणि वजनच चुकीचं असलं तर?"

मी गंमतीनं विचारलं होतं. काका गंमतीनं हसले नाहीत. "एक जागा अशी लागते, आठवी, जिथं संशय टेकवून ठेवता येतो. ती ही."

आता माझी चूक सांगतो.

ऑक्टोबर आला. त्या सुमाराला काकांनी एक दिवस सहज म्हटल्यासारखं म्हटलं होतं, की त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाची इथेच टूलरूम आहे, त्याला हातानं चालवायच्या लेथवर माणूस हवाय. "तुझ्यासाठी शब्द टाकीन. पण माझा शब्द आजवर मी तीनदा टाकलाय. अजून बघू दे तुला." माझ्यासाठी तो शब्द म्हणजे सगळं होतं. गोदामातले तास पीआरच्या, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याच्या, अर्जात धरत नाहीत, लेथवरचे धरतात. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही, मार्कशीट आठवीची. मला कोण उभं करणार? उन्हाळ्यात बायकोचा कोर्स संपायच्या आत कामाला लागलो नाही तर परतायचं, हे आम्ही दोघं न बोलता धरून चाललो होतो.

आणि खंडेनवमी आली. उद्यमनगरात त्या दिवशी मशीन बंद. सगळं धुऊन-पुसून, लेथला झेंडूची माळ, त्याच्या फिरत्या तोंडाला, चकला, हळदकुंकू, नारळ. मी चौदाव्या वर्षापासून एकही खंडेनवमी चुकवली नव्हती. इथे मला पुजायला काय? खोकी चिकटवायची टेप? त्या दिवशी काका टेबल मांडून बसले होते, तराजू काढला, वजन काढलं, आणि वर फोन वाजला. रविवार नव्हता, म्हणून ते घाबरून वर गेले. मी खोलीत एकटा.

माझ्या खिशात कुंकवाची डबी होती. सकाळीच कालवली होती, तेलात. मशीनवर पाण्यातलं कुंकू वाळून गळतं, तेलातलं बसतं, हे आमच्याकडे पोरालाही माहीत. मी प्रेसच्या बुडाला बोट लावलं. काम घट्ट धरायच्या व्हाइसच्या खालच्या बाजूला लावलं. दिसलं तर ओरडतील म्हणून सगळं खालच्या अंगाला. देवाला दिसतं तेवढं पुरे. मग ते वजन समोर दिसलं. माणसानं आपल्या हातानं घडवलेलं, उस्तादानं पास केलेलं. त्याहून पूजेच्या लायक त्या खोलीत काय होतं? मी ते उलटं केलं, काडीच्या टोकानं त्या पोकळीत कुंकू भरलं, परत होतं तसं ठेवलं. हात जोडले. मुलीचा फोन गाडीबद्दल होता. काका खाली आले आणि कामाला लागले.

तोवर निशाणाच्या कागदावर काकांच्या दहा गोळ्यांची भोकं एका गुलाबजामाखाली झाकली जायची. दिवाळीनंतर पुरी लागायला लागली.

आधी दारूच्या नव्या डब्यावर आळ आला. मग शिशावर: टायरवाल्यानं जस्ताची वजनं मिसळली. मग थंडीवर, त्यासाठी काडतुसं कोटाच्या आत, छातीशी धरून नेली. मग क्लबातल्या दिव्यावर, मग शेजारी उभा राहून नेम मारणाऱ्याच्या अत्तरावर. डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी डोळे ठीक सांगितले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले; दोघांचं एकमत झालं हेच त्यांना खटकलं. मग एक दिवस माझ्याकडे वळले.

"आठवी. तू तराजूला हात लावलास?"

"नाही काका."

हे खरं होतं. तराजूला लावला नव्हता. आणि तेव्हा, शपथेवर सांगतो, माझ्या डोक्यात कुंकू नव्हतंच. पण ते बघत राहिले आणि मी उगाचच घामानं भिजलो, नि ते त्यांनी पाहिलं. त्यानंतर आठवडाभर स्टूल खोलीच्या बाहेर.

बायको वेगळंच बघत होती. एका संध्याकाळी ती म्हणाली, "काकांच्या कपाची बशी वाजते. पूर्वी वाजत नव्हती. उजव्या हाताला बारीक कंप आहे त्यांच्या."

"त्यांना सांगितलंस?"

"मला कोण विचारतंय?"

डिसेंबरात दूध आलं आणि त्याचं वजन झालं नाही. पिशव्या तशाच फ्रिजमध्ये गेल्या. बर्फ पडला, मी पट्टी घेऊन उभा, तर काका खिडकीतून म्हणाले, "काढून टाक रे." तिन्ही घड्याळांतलं एक बंद पडलं, ते बंदच राहिलं. मला भीती वाटली ती तेव्हा. संशय घेणारा माणूस संशय घ्यायचा थांबला की त्याला काहीतरी सापडलेलं असतं.

"हात गेला," ते एका दुपारी म्हणाले. मला परत आत घेतलं होतं. "बाकी सगळं तपासून झालं. उरलो मी. मार्चमध्ये रिव्हॉल्व्हर देऊन टाकतो कुणाला तरी. तुझ्या कामाचं जानेवारीत बोलतो त्याच्याशी." असं म्हणत त्यांनी सवयीनं चिमट्यानं वजन उचललं आणि दिव्याकडे धरलं. ते उभे, मी खाली बुटक्या स्टुलावर. वजनाच्या बुडातून तांबडं चमकलं.

खंडेनवमीचं कुंकू. लेथवरच्या माणसाला हिशेब सांगावा लागत नाही. वजन कुंकवाएवढं जड. तराजू त्या जड वजनाला जुळवलेला, म्हणजे कमी दाखवणारा. म्हणजे अडीच महिने प्रत्येक पुंगळीत दारू कुंकवाएवढी जास्त.

दोन दिवस मी बोललो नाही. बोललो तर शब्द गेला, कदाचित खोलीही गेली. नाही बोललो तर म्हातारा आपला हात गेला असं समजून रिव्हॉल्व्हर देऊन टाकणार. बायकोला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला.

"एवढ्याशा कुंकवानं काय होतंय? त्यांचा हात कापतो. मी बघितलंय."

"आमच्यात केसभरानं माल रिजेक्ट होतो."

"मग गप्प बस जानेवारीपर्यंत. एकदा फोन होऊ दे."

ती वाईट बोलत नव्हती. सगळं तिच्याच जिवावर चाललेलं, तिला हक्क होता. पण ज्यानं मला हात बघून घर दिलं, त्याचा हात माझ्यामुळं बदनाम होतोय, हे मला गिळवेना. तिसऱ्या दिवशी गोदामातून आलो आणि बूट न काढता त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं, खंडेनवमीपासून.

काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "सूनबाई नर्स आहे."

"होय."

"तिनं सांगितलं तुला. म्हाताऱ्याचा हात कापतोय, खचलाय, त्याला एखादं कारण द्या. होय की नाही?"

"काका, दया म्हणून कुणी असलं पाप डोक्यावर घेईल का? वजन उलटं करून बघा."

ते वजनाकडे बघत राहिले. करायचं नव्हतं त्यांना. चाळीस-पन्नास वर्षांत बहुतेक केलं नव्हतं. शेवटी चिमट्यानं उलटं केलं.

"हे तू आज भरलं असशील."

"तेल बघा. चिकट झालंय, गोंदासारखं. आजचं तेल असं असतं?"

त्यांनी सुईनं ते खरवडून तराजूत घेतलं. काटा हलला. त्यांनी आकडा वहीत लिहिला, शेजारी "कुंकू" असं लिहिलं. मग सुई पुसली आणि म्हणाले, "चाचणी घेऊ. तुझ्या बोलण्यावर नाही जायचं."

चाचणी अशी. दहा काडतुसं बरोबर मापाची, दहांत कुंकवाएवढी दारू जास्त. ती मी दोन सारख्या डब्यांत ठेवायची, त्यांनी न बघता. जास्तवाल्या डबीच्या बुडाला मी बायकोची टिकली चिकटवली. रविवारी त्यांच्याबरोबर पाहुणा म्हणून क्लबात गेलो. कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळू नये म्हणून. दहा आवाज झाले. मग जरा विश्रांती. मग दहा. मी भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याची सूचना पाच-सहा वेळा वाचली.

वळलो तेव्हा निशाणाचे दोन्ही कागद तारेवरून परत आले होते आणि काका माझ्याकडे पाठ करून व्हर्नियरच्या मापपट्टीनं भोकांमधलं अंतर मोजत होते. खूप वेळ मोजत होते. एकदा, दोनदा. मग तिसऱ्यांदा, साक्षीला. मग त्यांनी डब्या उलट्या केल्या, टिकली बघितली. वही काढली, थोडं लिहिलं, आणि बंद केली.

"कुंकूच," ते म्हणाले.

मला रडू यायचं बाकी होतं, पण कशानं ते सांगता येणार नाही. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "दोन महिने मला म्हातारं केलंस, आठवी." घरी जाताना वाटेत त्यांनी दूध घेतलं, आणि घरी पोचल्यावर कोट न काढता त्याचं वजन केलं. एका पिशवीवर फुली पडली.

मला वाटलं शब्द गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला वर बोलावलं, समोर बसवलं आणि टूलरूमवाल्याला फोन लावला. इंग्रजीत बोलत होते, पण मला समजलं. "माणूस पाठवतोय. शिक्षण आठवी. चूक करेल. पण स्वतः येऊन सांगेल. तुझ्याकडचे नुसतीच करतात."

मी अजून तिथेच आहे. पीआर झाला. बायको एका दवाखान्यात कामाला आहे. काकांचं बेसमेंट सोडून आम्ही आता जवळच राहतो.

त्यानंतर दीड-दोन वर्षं काका नेम मारत राहिले. गोळ्या काही परत गुलाबजामाखाली गेल्या नाहीत. पण आता ते हसत-हसत आळ घ्यायचे. "तुझं कुंकू अजून कुठंतरी राहिलंय, आठवी. व्हाइस परत पूस." मी मुकाट्यानं पुसायचो. क्लबातल्या लोकांना माझी ओळख करून द्यायचे, हा माझ्या गोळ्यांना कुंकू लावतो. ते गोरे लोक मान हलवायचे, त्यांना वाटायचं ही काही भारतीय पद्धत असेल. बशी वाजायची. बायको कप अर्धाच भरून द्यायला लागली, नि त्यांनी तिला विचारलं, "चहा कमी का?" ती म्हणाली, "साखर वाढलीय तुमची." त्यावर ते दोन दिवस साखर तपासत होते.

मग मुलगी येऊन त्यांना रिचमंड हिलला घेऊन गेली. रिव्हॉल्व्हर रीतसर क्लबातल्या एकाच्या नावावर झालं. मला एक खोकं मिळालं: व्हाइस, तराजू, ते वजन, आणि वह्या. सगळ्यात वरच्या वहीत त्या रविवारचं पान निघालं. तारीख. तीन थर्मामीटरचे तीन आकडे. दारू, गोळी, पुंगळी, सगळं नीट. शेवटी दोन रकाने, पहिला गट आणि दुसरा गट. दोन्ही कोरे.

पन्नास वर्षं ज्यानं मोजलं ते लिहिलं, त्यानं तेवढी दोन घरं रिकामी ठेवली होती. पानातच दोन कागद घडी करून ठेवलेले. एकाच्या कोपऱ्यावर डबीवरून काढलेली माझ्या बायकोची टिकली.

व्हर्नियर माझ्या खिशात होता, रोज असतो. मी टेबलावर कागद सपाट केले आणि मोजले. परत मोजले. टिकलीवाल्या कागदावरची भोकं, कुंकवाची, दुसऱ्या कागदावरच्यांपेक्षा एकमेकांना केसभर जास्तच जवळ होती; दोष कुंकवाचा नव्हताच.

मी कागद होते तसे घडी करून ठेवले. नंतर फोन वाजला.

"खोकं उघडलंस?" काका.

"उघडलं."

"वही बघितलीस?"

"वरवर."

"कागद होते आत. मोजलेस?"

"नाही काका. व्हर्नियर कामावर राहिला."

"आठवी, तुझा व्हर्नियर खिशात असतो."

"आज राहिला."

पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मुलीच्या घरात एकच घड्याळ असावं.

"बरं," ते म्हणाले. "कुंकूच होतं ते."

"होय काका," मी म्हणालो. "कुंकूच."